मीटरमधले दोन दिवे

नांदे गावात ज्यांच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, त्या मावशींनी माझं काम वाचवलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मिस्त्रीनं वाचवलं.

मी गडचिरोलीकडचा. आठवीत शाळा सोडली, पुढं गाडीवर हात बसला. आता मालकाची गाडी चालवतो, हिंजवडीच्या एका कंपनीत माणसं नेतो-आणतो. दारातून पाणी आत झिरपून पायाखालचं कार्पेट कुजायला लागलं, म्हणून मालकानं गाडी मारुंजीच्या गॅरेजात टाकायला सांगितली. मिस्त्रीनं पुढची डावी सीट काढली, सगळं वाळवलं, दाराचं रबर बदललं, सीट परत बसवली. चावी फिरवली तर मीटरमध्ये दोन तांबडे दिवे. एक सीटच्या पट्ट्याचा. दुसऱ्यात एक माणूस पोटाशी भोपळा धरून बसलेला.

"चालव थोडी, जातील आपोआप," म्हणत मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मी मान हलवली. समोरचा खात्रीनं बोलला की मला पुढं विचारायला होतच नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर गाड्यांची तपासणी होती. दिवा पेटलेला दिसला की गाडी बाहेर. आणि मालकानं सांगूनच ठेवलं होतं, गाडी बाहेर तर तूही बाहेर. गावी परत जाऊन करायला काही नव्हतं.

म्हणून चालवत बसलो. मारुंजी ते नांदे, नांदे ते मारुंजी. रस्ता कमी आणि मीटर जास्त बघत होतो. नांद्यात मावशी शेळ्या बांधून रस्त्याला उभ्या होत्या, पौडला लेकीकडं निघालेल्या. म्हटलं, बसा, सोडतो, तेवढीच गाडी पळेल. त्या पुढं बसल्या, पट्टा लावला, तरी पट्ट्याचा दिवा गेला नाही.

"ह्यो भोपळेवाला कोण रं?"

"एअरबॅगचा दिवा आहे, मावशी. जाईल आपोआप."

"कोन म्हनलं?"

"मिस्त्री."

"बरा हाय की तुजा मिस्त्री. डिझेल मालकाचं, घाम तुजा."

मग मी त्यांना उद्याच्या तपासणीचं सांगितलं. गाडी बाहेर तर मीही बाहेर, हेही सांगितलं.

"फिरव गाडी."

"लेक वाट बघत असेल तुमची."

"ती कुटं पळून जातीया? फिरव."

गॅरेजसमोर मी एकटाच उतरलो. मिस्त्री म्हणाला, "अजून चालव की जरा." मी वळलोही होतो, तेवढ्यात गाडीतून आवाज आला, "मिस्त्री, दिवं जाईस्तोवर मी हितनं हलत न्हाई. गाडी तुमच्या दारात आडवी हाय, बगा."

खरंच आडवी होती. घाईत मीच तशी लावली होती, आणि मागं एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. मिस्त्री हात पुसत आला, वाकून मीटर बघितलं.

"मावशी, उठा. सीटखालीच बघायचंय."

"आदी दिवं घालव, मग उटते."

"तुम्ही उठल्याशिवाय जात नाहीत ना ते."

मावशींनी यावर थोडा विचार केला. "परत बसू देनार का?"

"बसा की. चहा पण देतो."

सीटखाली वायरचा पिवळा सॉकेट सुटून लोंबत होता. सीट बसवताना लावायचा राहिलेला. मिस्त्रीनं बॅटरी सोडवली, सॉकेट खटकन बसवला, बॅटरी परत जोडली. पट्ट्याचा दिवा गेला, भोपळेवाला तसाच. "तो मशीननं घालवावा लागतो," म्हणत त्यानं स्टिअरिंगखाली एक छोटं मशीन जोडलं आणि तोही गेला. मावशींनी पुन्हा सीटवर बसून स्वतः खात्री केली, मगच चहा घेतला.

सकाळी गाडी पास झाली.

त्यानंतर माझ्या मनात एकच गोष्ट येत राहते. मावशींना गाडीतलं काहीच कळत नव्हतं. मी मान हलवून परत येणार, एवढंच त्यांना कळलं होतं.

परवा त्यांना एका कचेरीत घेऊन गेलो. जमिनीला त्यांचं नाव लावायचं काम अडलंय. खिडकीशी मावशींनी पदर डोक्यावर ओढला, आवाज बारीक झाला. "साहेब नाहीत, नंतर या," ऐकून "व्हय, साहेब" म्हणाल्या आणि वळल्या. मी शेजारीच उभा होतो. काय विचारायचं ते माहीत होतं, विचारलं नाही.

एवढं मी तुमचं देणं लागतो, मावशी. एक दिवस त्या खिडकीशी तुमच्यासाठी मी बोलेन.