चुकीच्या समुद्राची काळजी

मी एकदा माझ्या धडधाकट सासूबाईंना तारेनं मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं. आणि तेसुद्धा चुकीच्या समुद्रासाठी. पन्नासएक वर्षं झाली, तरी मला आमच्या गावात ‘तारवाली’ म्हणणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत. त्यांना दीर्घायुष्य लाभो, पण दात नकोत.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. माझं माहेर साताऱ्याजवळ आणि सासर इस्लामपूरजवळ. दोन्हीकडं घरटी एक माणूस पलटणीत. आमचे हे मात्र नेव्हीत गेले. वैशाखात लग्न झालं, पंधरा दिवसांत रजा संपली आणि हे बोटीवर हजर झाले. दिवाळसणाला येतो, रजा मंजूर आहे, असं पत्र आलं होतं. ते पत्र मी ब्लाउजमध्ये ठेवून ठेवून इतकं मऊ केलं होतं की नाक पुसावं.

मामंजी फौजेतनं रिटायर झालेले. त्यांचा रेडिओ कोनाड्यात, वर विणलेला रुमाल. संध्याकाळी बातम्या लागल्या की घरात कुणी शिंकायचं नाही. बातम्या संपल्या, की समुद्राचं हवामान सांगायचे. ते सुरू झालं की सगळे उठायचे. आमच्याकडं होडी होती कुणाकडं? पाणी म्हणजे विहीर, नाहीतर कृष्णामाई. मी तेवढी बसायची. बसायची म्हणजे केर काढायची. तो एक कोपरा मी इतक्या वेळा झाडलाय, की तिथली जमीन दोन बोटं खाली गेली असेल.

दिवाळी तीन आठवड्यांवर होती तेव्हाची गोष्ट. रेडिओवरचा माणूस, लग्नाचं आमंत्रण द्यावं तितक्या शांतपणे म्हणाला, “अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला असून त्याचं वादळात रूपांतर होण्याची शक्यता आहे. समुद्र अतिशय खवळलेला राहील. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.”

माझ्या हातातली केरसुणी सुटली. मच्छिमारांना जाऊ नका म्हणाले, मग नेव्हीवाल्यांना कोण सांगणार? ह्यांची बोट विशाखापट्टणमला आहे हे पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. पण मी सातवी पास, आणि सातवी पास बाईला वाटतं तेवढी अक्कल जगात कुणालाच नसते. माझा हिशेब सरळ होता. समुद्र एकच. एका कडेला ढवळला की दुसरी कडही ढवळणार. विहिरीत कळशी बुडवली की सगळं पाणी हलतं, तसंच.

बरं, विचारावं कुणाला? मामंजींसमोर नवऱ्याचा विषय काढायचा म्हणजे लाजेनं मेलं पाहिजे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी बांगड्या भरायला म्हणून इस्लामपूरला गेले आणि ह्यांना बोटीवरनं बोलावून घ्यायला तार ऑफिसात शिरले.

तारबाबूंनी मान वर न करता विचारलं, “आई का वडील?”

“आं?”

“शिरियस कोण हाय? आई का वडील?”

आमच्या भागात पलटणीतल्या माणसाला रजा पाहिजे असली की अशीच तार जायची. बाबूंचा हात त्यावर बसलेला. मी क्षणभर विचार केला. मामंजी बंदूक चालवलेले, त्यांना आजारी पाडायचं धाडस होईना. म्हटलं, “आई.”

परत आले ती जुन्याच बांगड्यांनी. नव्या भरायचं साफ विसरले होते. सासूबाईंनी हाताकडं पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही घर रंगवत होतो. सासूबाई शिडीवर, हातात कुंचला, केसांवर चुना. मी खाली बादली धरून. तेवढ्यात सायकल टेकवून पोलीस आत आला.

“आजारी म्हातारी कुठं हाय वो?”

“कोण आजारी?” सासूबाई शिडीवरनं.

“ह्या घरातली. पोरगं नेव्हीत हाय न्हवं? तार गेलीया, आई लय शिरियस हाय म्हून. खरी का खोटी, बघून कळवायला सांगितलंय. खोटी निघाली तर दिवाळीची रजा बी जाईल बघा त्याची.”

माझ्या पायावर चुना सांडला तरी मला कळलं नाही. रजा जाईल! सासूबाईंनी वरनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या जुन्याच बांगड्यांकडं बघितलं. मग सावकाश एकेक पायरी उतरल्या, आणि खालच्या पायरीवर बसून कण्हल्या.

“मीच ती.”

“आवं मावशी, तुमी तर शिडीवर चढलाय!”

“चार दिसांमागं बोलावणंच आलं हुतं, बाबा. छातीत कळ, डोळं पांढरं. सुनेनं घाबरून तार केली. आता बरं हाय. लिव, म्हातारीला आराम पडला. आत्ता पोराला धाडू नका, दिवाळीला ठरल्यापरमाणं धाडा.”

पोलिसानं एकदा कुंचल्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्याच्या मिशा हलल्या. पण लिहिलं. चहा दोन कप प्याला आणि गेला.

मग माझा कबुलीजबाब झाला, मामंजींच्या देखत. मामंजींनी कुंचला उचलून न रंगवलेल्या भिंतीवर चुन्यानं देशाचा नकाशा काढला. “ह्या डाव्या अंगाला अरबी समुद्र. वादळ हितं. आन् उजव्या अंगाला बंगालचा. तुझा नवरा हितं. मधी अख्खा मुलुख हाय, पोरी.”

मी हळूच म्हणाले, “पण खालनं पाणी जातंच की वळसा घालून.”

मामंजी उठून मळ्यात गेले. लांबपर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं.

हे दिवाळीला आले. आल्या आल्या अंगणातच आईचे पाय धरले आणि सोडेचनात. जेवताना सांगितलं, की त्या दिवसांत त्यांच्याकडचा समुद्र ताटासारखा सपाट होता, बोट बंदरात बांधलेली, आणि तार आल्यापासून आराम पडल्याचं कळेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. मी चुलीपुढं मान घालून बसले. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. मी वादळातनं काढायला गेले, आणि स्वच्छ हवेत त्यांना बुडवून बसले.

सासूबाई माझ्याजवळ सरकल्या. भाकरी उलटताना, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “येडे, त्याला आणायचंच हुतं तर मला कशाला पाडलीस आजारी? बायकू शिरियस हाय म्हून कळवायचं हुतंस. रजा न्हाई दिली तरी समुद्रातनं पवत आला असता.”