यादीतलं पहिलं नाव

चावडीच्या पायरीखाली माझी वही त्यांनी जमिनीवर ठेवायला लावली. उघडी. मी ठेवली. शिपायानं तिच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, मगच सरपंचांनी ती उचलली.

मी जांभळ्या शाईपेन्सिलीनं लिहीत असे. तिच्या अक्षराला पाणी लागलं की ते फुटतं. गरोदर बायकांच्या सात नावांतली चार गेली होती.

"ह्ये काय लिवलंयस? वाचाया येतंय का कुणाला?" सरपंच म्हणाले.

ओसरीवर दवाखान्याच्या समितीचे पाच जण होते. त्यांतला एक म्हणाला, "मांगिणीची शाई बी पाण्याला भिती." सगळे हसले.

मी खाली उन्हात उभी. वय बेचाळीस. पुण्याला सहा महिने राहून दाईचं शिक्षण घेतलेलं, पेटी सरकारनं दिलेली. त्या पाचांपैकी तिघांची मुलं माझ्या हातांवर जन्मली. नाळ कापेपर्यंत माझे हात चालत. बाळाला आंघोळ घातली की त्याच बाळाला मी शिवायचं नाही.

आमचं गाव चिंचवड स्टेशनपासून दोन कोसांवर. आधी दवाखाना जिल्ह्याच्या बोर्डाकडं होता. मग तो पंचायतीकडं आला. समिती झाली. महिन्यातून एकदा पुण्याहून डॉक्टरीणबाई येणार, समिती सांगेल त्या क्रमानं गरोदर बायका तपासणार आणि दुपारच्या गाडीनं परत जाणार. आता गावचं गावानंच बघायचं, असं भाषण झालं. मीही टाळ्या वाजवल्या. गाव म्हणजे कोण, हे विचारायचं सुचलं नाही.

यादी करायचं काम माझं. कितवा महिना, आधीची बाळंतपणं, ताप, सूज. जिला धोका जास्त तिचं नाव वर. त्या दिवशी पहिलं नाव सोनाचं होतं. माझी धाकटी जाऊ. आठवा महिना. पाय, हात, तोंड सुजलेलं. डोकं ठणकत होतं आणि दोन दिवस डोळ्यांपुढं अंधारी येत होती. अशा बाईला झटके येतात आणि ती जाते, हे आम्हाला शिक्षणात बजावलं होतं.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात यादीची वाट बघत होत्या.

सरपंच म्हणाले, "पुन्ना लिव्ह. गावातल्या बाया आदी. तुमच्या वस्तीतल्या येगळ्या कागदावर, मागनं."

मागून म्हणजे कधीच नाही. आधीच्या महिन्यात तेच झालं होतं. गाडीची वेळ झाली, बाई उठल्या, आमच्या बायका दारातून परत फिरल्या. सोनाही त्यांत होती. तेव्हा मी "व्हय जी" म्हणाले होते.

या वेळीही तेच शब्द जिभेवर येऊन बसले. भीती कशी असते ते मला माहीत आहे. आमची घरं गावाच्या जागेवर. पाणी गावाच्या मर्जीवर. नवरा सरपंचांच्या मळ्यात मजुरीला.

शिपायानं वरून कागद टाकला. मी उकिडवी बसून गुडघ्यावर लिहिलं. नावं पाठ होती. पहिलं सोनाचं. दुसरं सरपंचांच्या पुतणीचं, तिला ताप होता. मग बाकीची, धोक्याप्रमाणे. सगळी एकाच कागदावर. कागद हातातच धरून मी उठले.

"ह्यो मी डॉक्टरीणबाईंच्या हातात देते," मी म्हणाले.

"समिती कोण? तू का आमी?"

"तुमी. पण सोना मरंल."

कुणी हसलं नाही. सरपंच अगदी सावकाश बोलले. "तुजा नवरा माज्या मळ्यात हाय. ध्यानात ठेव."

"हाय ध्यानात."

मी वळले. दवाखान्यापर्यंत पाठीत दगड बसेल असं वाटत राहिलं. धावायचं नाही, एवढंच मनाशी म्हणत होते. दगड बसला नाही.

बाईंनी सोनाला पहिली घेतली. तपासलं आणि लगेच बैलगाडीनं स्टेशनला, तिथून पुण्याच्या इस्पितळात पाठवलं. सोना जगली. मूल पोटातच गेलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला मळ्यातून घालवलं. पिंपरीकडं कारखान्याच्या भिंती उठत होत्या, तिथं तो विटा वाहू लागला. आमच्या वस्तीचं दळण आठ दिवस कुणी दळून दिलं नाही. वस्तीतलेच काही मला बोलले. त्यांचं मला लागलं नाही.

सोना घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी पेज घेऊन गेले. ती म्हणाली, "आक्का, गेल्या म्हैन्यात का न्हाई बोललीस?"

मी पेज खाली ठेवली.

दवाखाना परत बोर्डाकडं द्या, असं मी म्हणणार नाही. तो गावाचाच राहायला हवा, आणि गावात आम्ही आहोत. समितीत एक जागा आमच्या वस्तीची, असा अर्ज मी तालुक्याला केला आहे. सोळा बायकांचे अंगठे त्यावर आहेत. उत्तर आलेलं नाही.

समितीची सभा सोमवारी आहे. भीती गेलेली नाही. मी ओसरीवर चढून बसणार आहे. मला उठवायचं असेल, तर त्यांना मला शिवावं लागेल.