फुल्या मारणारी बाई

इंटिरियर डिझायनर म्हटलं की आमच्या इमारतीत अजूनही लोक फिस्सकन हसतात. पडदे, गाद्या, भिंतीला तीन रंग, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. बड्या लोकांची थेरं. हसणाऱ्यांत मीही होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आता कोणी हसलं की मी त्याच्याशी भांडते.

माझं हसू बंद करणारी ही बाई पहिल्यांदा दिसली ती आमच्या रहिवाशांच्या सभेत. पंप बंद पडून चार दिवस झालेले, जिन्यात बादल्यांची रांग, आणि मी अध्यक्षाची चामडी सोलत होते. मागच्या खुर्चीवरून एक उंच, हाडकुळी बाई उठली. कमरेला मोजपट्टी, बोटांना खडू लागलेला. म्हणाली, "मी शेजारच्या इमारतीत नवीन आलेय. घरं आतून नीट लावायचं काम करते. कोणाला हवं असेल तर सांगा."

"बाई," मी ओरडले, "आम्हाला पडदे नकोत. पाणी पाहिजे!"

"पाणी तुमचं तुम्ही भांडून आणा," ती म्हणाली. "पण आलेली बादली ठेवायला तुमच्या एकाच्याही बाथरूममध्ये जागा नाही. म्हणून ती दारात ठेवता आणि तिलाच अडखळून पडता. माझं काम ते आहे."

सभेत हशा पिकला. माझ्यावर. बाई त्याच क्षणी माझ्या डोक्यात गेली.

मग मी तिची माहिती काढली. ज्याच्याशी वाकडं आहे त्याची कुंडली आपल्याकडे असलेली बरी. बाप शिंपी. लहानपणी ती बापाच्या पायाशी बसून मापं लिहून घ्यायची. बापाने तिला एकच गोष्ट शिकवली होती : माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढतं, म्हणून आधी त्याला बोलतं कर, मग टेप लाव. पुढे ती शिकली आणि एका बिल्डरकडे नोकरीला लागली. काम काय, तर विकायच्या घरांमधलं एक नमुन्याचं घर सजवायचं. तिथे पलंग मुद्दाम एक फूट आखूड बनवतात, कपाटं कमी खोल करतात, आतली दारंच काढून टाकतात. खोली मोठी दिसते, बघणारा भुलतो आणि सही करतो. चार वर्षं तिने हे केलं. मग एक दिवस घर घेतलेलं जोडपं आपला जुना पलंग घेऊन राहायला आलं. पलंग लावल्यावर कपाटाचं दार उघडेना. नवरा तिच्या ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्ही आम्हाला ठेंगूंचं घर दाखवलंत." तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

"उपकार नाही केले," पुढे स्वतः हे सांगताना ती मला म्हणाली. "चार वर्षं फसवणुकीचा पगार खाल्ला होता. लिहायचं तर तेही लिहा."

तर लिहिलं.

तिची काम करायची रीत अशी. कोणाच्याही घरी बोलावलं की पहिला दिवस ती काहीच करत नाही. सकाळी येते, एका स्टुलावर बसते आणि घरातली माणसं कशी वावरतात ते बघत राहते. कोणी अंग चोरून वळलं की उठून तिथे जमिनीवर खडूने फुली. हातातलं ठेवायला जागा नाही म्हणून कोणी भांडं शेगडीवर, मग खुर्चीवर, मग पुन्हा शेगडीवर ठेवलं की फुली. कोणी ठेच खाल्ली की मोठी फुली. संध्याकाळी घरातल्यांना उभं करते आणि म्हणते, "बघा. हा तुमच्या घराने तुम्हाला दिवसभर दिलेला मार." लोकांना राग येतो. यायलाच पाहिजे. आपण इतकी वर्षं स्वतःच्याच घरात चोरासारखे वाकडेतिकडे होऊन चालतोय हे कळल्यावर कोणाला बरं वाटेल? या फुल्यांवरून तिचं नाव पडलं खडूबाई.

माझं आणि तिचं जमलं ते आत्यांमुळे. जमलं म्हणजे, भांडण एकाच बाजूला उभं राहून करायला लागलो.

आत्या म्हणजे अख्ख्या इमारतीच्या आत्या. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. दारू पिऊन चढलेल्या माणसाला कॉलर धरून उतरवणारी बाई. तिला झटका आला आणि एक बाजू गेली. जीभ जरा जड झाली, पण धार होती तशीच. दीड महिना दवाखान्यात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आणि तिचा मुलगा म्हणाला, "घरात तिला ठेवायला जागाच नाही."

मुलाला आम्ही शेठ म्हणतो. आहे एका गोदामात कारकून, पण रुबाब असा की गोदाम याच्याच बापाचं. दोन वर्षांपूर्वी आईच्या निवृत्तीच्या पैशातून त्याने एका ठेकेदाराकडून घराचं 'इंटिरियर' करून घेतलं. छताखाली दुसरं छत, त्यात सतरा दिवे. आरशासारख्या गुळगुळीत फरश्या. आणि हॉलची एक भिंत भरून काचेची शोकेस, तिच्यात काचेचे हंस, काचेचे घोडे, काचेची होडी. बाथरूमला मात्र हातही लावला नव्हता. तिथे पाहुणे बसत नाहीत ना! उंच उंबरठा, आत उघडणारं दार, ओलं झालं की निसरडं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा आत्या म्हणाली, "मला घरीच यायचंय. पण संडासला मी एकटी जाणार. दार लावून. सुनेने मला धुतलं तर उद्या तिच्या डोळ्यांत बघायची नाही मी. ते होणार नसेल तर टाका आश्रमात. तिथल्या बायका पगार घेतात, त्यांची लाज नाही वाटायची."

शेठने आश्रमात चौकशी केलेलीच होती. "हा सोडून पुढच्या सोमवारपर्यंत खाट धरून ठेवतो म्हणालेत," तो मला म्हणाला. "नंतर दुसऱ्याला देणार."

हातात बारा दिवस. मी माझा अहंकार गिळला आणि खडूबाईच्या दारात जाऊन उभी राहिले.

"पडदे हवेत का?" ती म्हणाली. एवढा टोमणा मारायचा हक्क तिला होता.

ती दवाखान्यात गेली, आत्याच्या खाटेसमोर स्टूल ओढून दोन तास बसली. आत्याला बसच्या गोष्टी सांगायला लावल्या आणि बोलता बोलता माप घेतलं. बसल्यावर कोपर किती उंचीवर येतं, उठताना वजन कुठे पडतं, पाऊल किती उचललं जातं. मग दिवसभर शेठच्या घरी. संध्याकाळी त्या आरशासारख्या फरशीवर एकेचाळीस फुल्या होत्या.

"ही काय घाण केलीत?" शेठ म्हणाला.

"घाण आधीपासून होती. मी फक्त दाखवली."

"बाई, या घरावर मी एवढा खर्च केलाय. बघणारा बघत राहतो."

"हो ना. फक्त बघतच राहतो. राहायचं काम तुमची बायको आणि आई करतात."

सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती फारशी बोलत नाही. त्या घरात तिला बोलायला जागा होतीच कुठे.

आत्याचं दुखणं म्हणून शेठ लोकलाजेने तयार झाला. काम सुरू झालं. खडूबाईने उंबरठा काढायला लावला. खरखरीत फरशी घातली. दार बाहेर उघडणारं केलं. मी विचारलं, एवढ्याने काय फरक पडतो? तर म्हणाली, "आत पडली आणि दाराला टेकून पडली, तर आत उघडणारं दार तुम्ही कसं उघडाल? तिच्या अंगावरून?" आयुष्यभर लोकांच्या घरांसाठी भांडले, पण दार कुठल्या बाजूला उघडतं हे कधी बघितलं नव्हतं. ठेकेदारानेही बघितलं नव्हतं. त्याने सतरा दिवे मोजले होते. म्हणून म्हणते, ज्याला ही सगळी सजावट वाटते त्याने एकदा एका हाताने स्वतःच्या संडासात जाऊन यावं.

कमोडच्या उजव्या हाताला भक्कम भिंतीत स्टीलचा दांडा बसवला. तो धरून बसायचं, तो धरून उठायचं. सगळी मदार त्याच्यावर.

शनिवारी दुपारी काम संपलं. आता खडूबाईची दुसरी रीत. घर ताब्यात देण्याआधी ती स्वतः तिथे राहणारं माणूस होऊन बघते. आंधळ्या माणसाचं घर असलं तर डोळे बांधून. इथे तिने ओढणी काढली आणि सूनबाईपुढे धरली. "माझा हात अंगाशी घट्ट बांध. आत्यांचा गेलाय तो."

सूनबाईने तिचा उजवा हात धरला.

"हा नाही गं, डावा."

"उजवाच," सूनबाई म्हणाली. "दीड महिना मी भरवतेय त्यांना. डावा हात चालतो. उजवा गेलाय."

खडूबाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. ती दवाखान्यात आत्याच्या समोर बसली होती. समोरच्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे दिसते. तिने दिसलं तसं काढलं. अख्खं बाथरूम मेलेल्या हातासाठी बांधून झालं होतं.

शेठला तर आयतंच सापडलं. "वा! उजवं-डावं कळत नाही आणि म्हणे डिझायनर! आणि मला शिकवत होत्या."

मी पुढे सरसावले, तर खडूबाईने मलाच झापलं. "तुम्ही गप्प बसा. हा मोर्चा नाही." मग शेठकडे वळून म्हणाली, "बरोबर बोललात. चूक माझी. शिंप्याची पोर असून समोर बसून माप घेतलं आणि फिरवायला विसरले. दुरुस्ती माझ्या खर्चाने." आणि मिस्त्रीला : "दांडा काढा. डाव्या भिंतीत घ्या."

मिस्त्रीने डाव्या भिंतीवर बोटांनी टकटक केली आणि मान हलवली. "पोकळ विटांची आहे, बाई. यात धरणार नाही. आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी मारली, तरच माणसाचं वजन घेईल."

"पलीकडे काय आहे?"

सगळे हॉलमध्ये आलो. पलीकडे शोकेस होती. हंस, घोडे, होडी.

"शोकेसला हात लावायचा नाही," शेठ म्हणाला.

"मधला भाग काढावा लागेल," खडूबाई म्हणाली. "पट्टी बसली की वर पातळ फळी मारून देईन. पण काचेची कपाटं परत तिथे बसणार नाहीत."

"एकदा सांगितलं ना! दांडा उजवीकडे आहे, तो चांगलाय. आई शिकेल हळूहळू."

"मेलेल्या हाताला काय शिकवणार तुम्ही?"

"मग जाऊ दे आश्रमात! तिथे सगळ्या सोयी आहेत. मी काय रस्त्यावर टाकतोय का तिला?" तो माझ्याकडे बघून ओरडत होता, जणू मी काही बोलले होते. "घर आहे हे, दवाखाना नाही! चार माणसं आली तर बसायचं कुठे, बघायचं काय?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण त्याच वेळी काच सरकल्याचा आवाज झाला.

सूनबाईने शोकेस उघडली होती. तिने पहिला हंस उचलून खाली वर्तमानपत्रावर ठेवला. मग दुसरा. मग घोडा.

"काय करतेस?" शेठ म्हणाला.

"दर रविवारी करते तेच. एकेक काढून पुसते आणि परत ठेवते. आज परत ठेवणार नाही, एवढंच."

"माझ्या परवानगीशिवाय?"

"तुम्ही एकदा तरी पुसलाय का यातला एखादा घोडा?"

शेठने आमच्याकडे बघितलं. मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच होता. तो कोणाच्या हुकमाची वाट बघत होता ते कळेना, शेवटी सूनबाईने मान हलवली तेव्हा चढला स्टुलावर. शेठ चप्पल घालून निघून गेला. जाताना दार आपटलं. हे दारही आतच उघडणारं होतं, खडूबाईची नजर त्यावर गेलीच.

सोमवारी सकाळी दहाला आत्या आली. सूनबाईने एका बाजूने धरलेली, दुसऱ्या हातात काठी. हॉलमध्ये येऊन तिने ओकीबोकी भिंत बघितली. "ती काचेची जत्रा कुठे गेली?" विचारलं. "बरं झालं." आणि बसायला दिलेल्या खुर्चीकडे न बघता थेट बाथरूमकडे वळली. आत जाऊन काठी भिंतीला टेकवली. डाव्या हाताने दांडा चाचपला, ओढून बघितला, अंगाचा भार टाकून पुन्हा ओढून बघितला. बसमधल्या दांड्याचीही ती अशीच परीक्षा घेत असणार. मग दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही चौघं बाहेर, शनिवारी दार आपटून गेलेला शेठही. खडूबाई भिंतीला कान देऊन उभी, चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलीसारखा. पाच मिनिटं झाली. आठ झाली. शेठला राहवेना. त्याने दार वाजवलं. "आई, जमतंय ना? येऊ का आत?"

"ये रे, तिकीट काढून ये!" आतून आवाज आला. "हो बाजूला! मेलेय का मी?"

सूनबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. खडूबाई मात्र हसली नाही, ती अजून कान देऊन होती. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्या ठेवल्याचा आला. आणि शेठच्या खिशात फोन वाजला.

आश्रमाचा होता. त्याने नुसतंच "हॅलो, हो, हो," म्हटलं, मग बाथरूमच्या दाराकडे बघत उभा राहिला. पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता, ते आम्हालाही ऐकू येत होतं. सूनबाईने त्याच्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार. खाट दुसऱ्या कोणाला द्या," ती म्हणाली. "नाही, त्यांच्याशी आत्ता बोलता येणार नाही. त्या आत आहेत."