ताप किती दिवसांचा?

गोल बाजारात जडीबुटी विकणारी ती बाई आधी विचारायची, "ताप कोणाले? किती दिवसांचा?" उत्तर मिळेपर्यंत तिचा हात गठ्ठ्यावरच असायचा. दोन दिवसांच्या वर सांगितलं की गठ्ठा मागे ओढून ती गिऱ्हाइकाला दवाखान्यात पिटाळायची. मला हा धंदा वेडगळ वाटायचा.

मी दर महिन्याला तिच्याकडून तापावरच्या कडू कालमेघाचा गठ्ठा न्यायचो. एकदा तिने विचारलंच, "भैया, तुमच्या घरी दर महिन्याले कोण बिमार पडते?"

मी उत्साहाने सांगितलं, की जखमेतले जंतू रक्तात शिरले की अंगभर दाह होतो, रक्त नसांतच गोठू लागतं. कालमेघाचा अर्क ते थांबवतो का, हे आम्ही प्रयोगशाळेत तपासतो.

ती सुतळी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "उरला गावच्या कारखान्यात माह्या नवऱ्याच्या पायात लोखंड घुसलं होतं. ताप चढला, तं पाच दिवस मी याचाच काढा पाजत राहिली. सहाव्या दिवशी दवाखान्यात नेलं, तं डॉक्टर म्हणे, काहून इतका उशीर केला?"

गाठ मारून तिने गठ्ठा माझ्या हातात दिला. "हे चालते का, ते मागून सांगजा. कोणत्या दिवसापासून चालत नाही, ते आधी सांगा."

परतल्यावर मी प्रयोगांची वही उघडली. पानोपानी एकच क्रम होता: उंदरांना आधी अर्क, मग जंतूंचं विष. आधी आजारी पडून मग औषध मागणारा माणूस आमच्या वहीत कुठेच नव्हता.