वरच्या खोलीतला गेम

आज आमच्या नंदनवन वस्तीत सकाळपासूनच ऊन असं आहे, की ओट्यावर बूड टेकवत नाही. अशा दिवशी सावलीला मंडळी जमली की म्हणतात, "सांगा गा, पोराचं काही नवीन!" नवीन काय असणार! घरात कोणी गेम बनवत असलं की किस्से आपोआप साचतात.

माझा नितीन मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सोडून मित्राला, रोशनला, घेऊन वरच्या खोलीत बसला. आईला त्यानं शब्द दिला, "हा गेम नाही चालला त गुपचूप नोकरी धरीन." तेव्हापासून सारं घर त्या एका गेमवर टांगलेलं.

*

उन्हाळ्यात कूलर बंद! का, तर दमट हवेनं कॉम्प्युटर बिघडतो. टेबलफॅन एकच, तोही मशीनच्या उघड्या डब्याकडे. पोरं घामानं निथळलेली.

माझी बायको म्हणाली, "काहून रे, त्याले गरमी होते, तुमाले नाही होत?"

रोशन म्हणाला, "काकू, आमी बिघडलो त दवाखाना आहे. हा बिघडला त कोन आहे!"

*

एकदा मला गेम खेळायला बसवलं. शाळा मी पाहिली नाही, म्हणून माझीच निवड. न वाचता मला जमलं तर कोणालाही जमेल. नियम असा, की खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, मागं उभं राहून फक्त पाहायचं.

पडद्यावर घागर घेतलेली एक बाई, समोर बंद दार. मी बसून राहिलो. चहा थंड झाला.

शेवटी नितीनला राहवलं नाही. "बाबा, काहून थांबले?"

"दार बंद आहे ना रे. आतून कोणी 'या' तर म्हणो!"

रोशन खूप हसला. मग त्यानं डोकं धरलं. त्या दारावर त्यानं सारा पावसाळा घातला होता.

*

जरीपटक्याहून नितीनला पाहायला मुलीचे वडील आले.

"काय करता?"

"गेम बनवतो."

"ते ठीक आहे. काम काय करता?"

नितीन त्यांना वर घेऊन गेला, सारं दाखवलं. पाहुणे खाली आले, पाणी प्यायले आणि माझ्या कानाशी लागले, "भाऊ, इलाज चालू आहे ना याचा?"

*

रोशनचं मनगट गेलं. डॉक्टर म्हणाले, माऊस बंद. त्याची आई त्याला घास भरवायची. पठ्ठ्या डाव्या हातानं माऊस चालवायला शिकला! मी म्हटलं, "बापू, जरा आराम कर." तर म्हणतो, "काका, हा हात नवाच आहे, वापरलाच नव्हता!"

*

मग एकदाचा गेम इंटरनेटवर विकायला ठेवला. मित्र जमले, म्हणून कॉम्प्युटर खाली बैठकीत आणला. दारात चपलांचा ढीग. पहिलं गिऱ्हाईक आलं की पेढे वाटायचे ठरलं.

दुपार झाली. कोणीच घेतला नाही. नितीननं गुडघ्यात डोकं घातलं. रोशन त्याच्या पाठीवर हात फिरवत होता. बायको भिंतीला टेकून पदरानं डोळे पुसत होती. मला पाहवेना, मी पायरीवर येऊन बसलो.

समोरचे मेश्रामभाऊ रस्त्यानं चालले होते. त्यांनी चपला पाहिल्या, आत डोकावलं. परत घरी गेले आणि खांद्यावर दुपट्टा टाकून आले. माझ्याजवळ टेकले. बराच वेळ माझा हात हातात धरून बसले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, घाटावर किती वाजता न्यायचं आहे?"