अण्णांना लखनौ दाखवलं तो दिवस

अण्णा, म्हणजे माझे वडील, मला गावी परत न्यायला आले होते. तसं बोललं कुणीच नव्हतं, पण आईने त्यांच्याबरोबर एक मोकळी बॅग पाठवली होती, त्यावरून मी काय ते ओळखलं. आठवीतून शाळा सोडून मी लखनौला आलो आणि ‘चौक’ नावाच्या तिथल्या जुन्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळायच्या दुकानात लागलो. अण्णा इकडे पहिल्यांदाच येत होते. आल्या आल्या त्यांनी आमची भट्टी बघितली, तेजाबाचा धूर नाकात गेला, तसे खोकत बाहेर जाऊन उभे राहिले.

मला परत जायचं नव्हतं. गावात जाऊन करणार काय होतो? मालक आमच्याच भागातले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असणार. म्हणाले, "उद्या बाजार बंद आहे. अण्णांना लखनौ दाखव. नुसता धूर बघून जायला नकोत."

सकाळी घंटाघराजवळच्या तसबिरींच्या दालनात गेलो. नवाबांची माणसाएवढी चित्रं. कुठेही उभे राहा, नवाबाच्या पायातल्या जोड्याचं टोक आपल्याकडेच वळतं. अण्णा इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. "रंगवणारानं कमाल केलीय," एवढंच म्हणाले. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

मग शेअर टेम्पोने चिडियाघर, म्हणजे प्राणिसंग्रहालय. म्युझियम त्याच्या आतच. हरणं, माकडं ओलांडून इतिहासाकडे जायचं. दारातून दगडी देव दिसले तशा अण्णांनी चपला काढल्या. चौकीदार म्हणाला, "पहने रहिए चाचा, फर्श ठंडा है." तरी ते चपला हातात धरूनच हिंडले. मूर्ती होत्याच अशा, की मीही नकळत हात जोडले. पुढे इजिप्तची ममी. "घरापासनं किती लांब आणून ठेवलंय बिचारीला," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या दालनाकडे वळलो.

नाण्यांच्या कपाटांपाशी मात्र मी सगळं विसरलो. रोज चांदी हाताळतो, पण नखाएवढ्या जागेत अशी अक्षरं, असा घोडेस्वार मी कधी बघितला नव्हता. आणि सवयीने बोलून गेलो, "अण्णा, कस चांगला दिसतोय. गाळलं तर वजनात घट फार येणार नाही."

चौकीदार मागेच होता. ‘गाळलं’ एवढं त्याला कळलं असावं. "चौक से आए हैं क्या, भैया? इनको तो बख्श दीजिए."

अण्णांना हिंदी जेमतेम, तरी ‘ह्यांना तरी सोडा’ एवढं कळून हसले. मग म्हणाले, "असली नाणी येत्यात तुमच्याकडं गाळायला?"

"येतात की."

"मग?"

"मालक आधी विचारतात, कुणाचं आहे, नक्की गाळायचं का. आईची, आजीची वस्तू असली तर म्हणतात, घरी विचारून या, भट्टी उद्यापण पेटणार आहे."

"आणि गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तर?"

"जातं कधी कधी. जाऊ दे म्हणतात."

अण्णा त्या घोडेस्वाराकडे बघत राहिले. परतताना टेम्पोत म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं तरी चालतंय म्हणतो, मालक बरा दिसतोय तुझा."

दुकानाच्या पायरीवर मालक बसले होते. अण्णा त्यांच्याशेजारी टेकले.

"ह्याला न्यायला आलो होतो मी."

"ठाऊक आहे."

"राहू दे तुमच्याजवळ. पण धुराचं काहीतरी बघा. तोंडाला फडकं बांधायला लावा. माझं ऐकायचा नाही तो."

"माझंही ऐकत नाही," मालक म्हणाले. "पण आता लावतो बांधायला."