तक्रार असेल तर दुकानात या

आक्काच्या तोंडी लागायचं नाही, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोटर रिवाइंडिंगचं दुकान ती एकटी चालवायची. जळालेल्या मोटरी फोडायच्या, काळी पडलेली तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश चढवायचं. एकदा एका गिऱ्हाइकानं हसत हसत विचारलं, "बाईमाणसानं भरलेली मोटर टिकते का हो?" आक्कानं त्याची मोटर उचलली आणि त्याच्याच पायाजवळ आपटली. "आता बघ टिकते का." मोटर चालली. फरशी मात्र फुटली ती फुटलीच, आणि गिऱ्हाईक पुन्हा कधी हसलं नाही.

अशी बाई सर्व्हर चालवते म्हटल्यावर लोकांना वाटायचं, काहीतरी थट्टा आहे. पण मागच्या खोलीत, वार्निशच्या डब्यांवरच्या फळीवर, एक काळी पेटी खरंच दिवसभर घुमत असायची. मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅपवर मालक एक आणि बाकी सगळे भाडेकरू. ही पेटी ज्या जाळ्याला जोडलेली होती तिथं तसं नव्हतं. इथं ज्यानं त्यानं आपलं घर, म्हणजे आपला सर्व्हर, बांधायचं, आपले नियम लावायचे आणि घराघरांतून एकमेकांशी गप्पा मारायच्या. आक्काच्या घरात वेल्डर, सुतार, गवंडी, नळवाले, शिंपी अशी हातांनी पोट भरणारी मंडळी. कुणी वाकड्यात शिरलं की आक्का त्याला हाकलायची, आणि का हाकललं ते चारचौघांत लिहायची. तो तिचा नियमच होता. कारण सांगितल्याशिवाय कुणाला बाहेर काढायचं नाही.

बाहेरून घाण यायची ती वेगळीच. कुठल्याशा घरातून टोळकी घुसायची. तुझे हात छाटू, तुला दुकानासकट जाळू, असलं काहीबाही लिहायची. आक्का त्यांच्या अख्ख्या घराशीच संबंध तोडून टाकायची आणि शिव्या हासडत पुन्हा कामाला बसायची. घराच्या माहितीच्या पानावर तिनं ठसठशीत लिहून ठेवलं होतं: 'तक्रार असेल तर दुकानात या. शिव्या द्यायच्या असतील तरी या.' खाली दुकानाचा पूर्ण पत्ता. वेल्डर म्हणायचा, "आक्का, पत्ता काढा तो." तो समोरच्याच शेडमध्ये काम करायचा, म्हणून काळजीनं बोलायचा. आक्का म्हणायची, "मी काय चोर आहे तोंड लपवायला?"

भाची तिला या जाळ्यावरच सापडली. आक्काचं आणि तिच्या बहिणीचं फार जुनं फाटलेलं. बहीण वारली तेव्हाही आक्काला उशिरा कळलं. भाचीच्या लग्नात तर ही नव्हतीच. मग एक दिवस समोर एक फोटो आला. कोटाच्या फाटक्या बाहीला केलेला रफू. असा बेमालूम की फाटलं कुठं होतं ते शोधावं लागावं, आणि शेवटी एकच टाका लाल धाग्याचा. आक्काची आई रफू संपवताना तसाच टाका घालायची. दोन्ही मुलींना तिनं शिकवला होता. आक्कानं सगळ्यांसमोर नाही, खाजगीत विचारलं, "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय गं?"

त्यानंतर वर्षभरानं ती भाची दुपारी दुकानाच्या दारात उभी राहिली. हातात एक पिशवी. डावा डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला. बोलताना जबडा हलत नव्हता. आदल्या दिवशी नवऱ्यानं तिला दाराच्या चौकटीवर आपटलं होतं, तेही अंधार पडेपर्यंत थांबून थांबून. मधे जेवायला बसला होता म्हणे.

"तो मला शोधणार, मावशी," ती म्हणाली. "ह्या खेपेला सापडले तर जिवंत ठेवायचा नाही."

"येऊ दे मुडद्याला," आक्का म्हणाली. पण रात्री कडी दोनदा तपासली.

दुकानावर माळा होता. शिडी लावून चढायचं. भाची तिथं राहायला लागली. नवऱ्यानं आक्काचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. बायकोची एक भांडकुदळ मावशी कुठंतरी आहे, एवढंच त्याच्या कानावर. तेव्हा माळा म्हणजे किल्ला, असं दोघींना वाटलं. प्रश्न राहिला भाचीच्या खात्याचा. ते दुसऱ्या एका मोठ्या घरात होतं आणि नवरा तिथं रोज येऊन धमक्या लिहायचा.

"बंद कर ते," आक्का म्हणाली.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरात तोंड उघडायची सोय नव्हती मावशी. जे काही बोलले ते तिथल्या लोकांशीच बोलले."

आक्का विरघळली. ती विरघळली की हमखास घोळ व्हायचा. "मग माझ्याकडे आण. तुझी माणसंही येतील तुझ्यामागून." या जाळ्यात तशी सोय असते. खातं एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं की फॉलोअर आपोआप मागून येतात, त्यांना काही करावं लागत नाही. आक्कानं आधी जावयाचं खातं आपल्या दारातच अडवलं, मग स्वतःच्या हातानं भाचीचं खातं हलवलं. झराझरा माणसं आली. भाची मोडक्या जबड्यानं हसली. त्या माणसांत चिमणीचं चित्र लावलेलं एक खातंही होतं, जे कायम भाचीच्या रफूला वाहवा करायचं. 'तो लाल टाका फारच सुरेख.' भाची त्याला दरवेळी धन्यवाद म्हणायची.

आठवडाही गेला नसेल. भर दुपारी एक नीटनेटका माणूस दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. आक्का बाकावर उजवा हात टेकून स्टेटरमध्ये, मोटरच्या लोखंडी कड्यात, तार भरत होती.

"नमस्कार मावशी," तो म्हणाला. "तक्रार असेल तर दुकानात या, असं लिहिलंय ना तुम्ही? आलो."

आक्काच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत त्यानं मागे वळून शटर खाली ओढलं. बाहीतून लोखंडी सळई काढली आणि पहिलाच घाव बाकावरच्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज आक्काला स्वतःला ऐकू आला. दुसरा घाव तिथंच.

"कुठाय ती?"

"तुझ्या आईच्या..." आक्कानं जी शिवी दिली ती इथं लिहिता येणार नाही. ती मुद्दाम गळा फाडून ओरडत होती, म्हणजे माळ्यावर कळावं. तिसरा घाव खांद्यावर बसला आणि ती खुर्चीसकट कोलमडली. त्यानं केस धरून तिचं तोंड फरशीवर घासलं, त्याच फुटक्या फरशीवर. "बोल, कुठाय?" रक्त नाकातोंडात गेलं, पण आक्का बोलली नाही.

वर फळी कुरकुरली. तो थांबला, वर बघून हसला आणि सळई दातांत धरून शिडी चढायला लागला. आक्का लोळत गेली आणि डाव्या हातानं शिडीचा पाय धरून तिनं अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून ओढला. तो वरच्या चौकटीला लोंबकळला. तेवढ्यात भाचीनं माळ्यावर ठेवलेला भरलेला स्टेटर, जो एरवी तिला हलवायलाही जड जायचा, दोन्ही हातांनी उचलून त्याच्यावर सोडला. स्टेटर त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं, माणूस खाली पडला आणि लहान पोरासारखा किंचाळायला लागला. मग भाची चौकटीला लोंबकळून खाली उतरली. सळई उचलून तिनं त्याच्या गुडघ्यावर हाणली, आणखी हाणली, आणि आक्कानं "पुरे गं, मरेल, तुलाच आत घालतील!" असं ओरडेपर्यंत हाणतच राहिली.

वेल्डरनं शटर उचकटलं. मग गल्लीनंही हात धुऊन घेतले. पोलीस आले तेव्हा जावईबापूंचा इस्त्रीचा शर्ट कुठल्या रंगाचा होता ते सांगता येत नव्हतं.

दवाखान्यात भाचीनं मोबाइलवर ते चिमणीचं खातं दाखवलं. हल्ल्याच्या आदल्या रात्रीची त्याची ओळ होती: 'नवं घर छान आहे. लवकरच भेटू.' चिमणीमागे जावईच होता. खात्यामागून माणसं येण्याची सोय आक्काला माहीत होती. मागून कोण येतंय ते एकेक करून बघायला हवं होतं, आणि पत्ता तर तिनंच हौसेनं लिहिलेला. "मीच आणला गं त्याला," ती म्हणाली. "बोट धरून आणला."

जावयाला जामीन मिळाला. मिळणारच होता.

या वेळी आक्का विरघळली नाही. "खातं पुसून टाक. हलवायचं नाही, पुसायचं. नवं गाव, नवं नाव, नवं घर. जुनं एक माणूस सोबत नको. मीसुद्धा नको."

"तुला तरी सांगते ना, मावशी."

"खबरदार! दोन बोटं मोडली तर मी गप्प राहिले. दहा मोडली तर काय करेन याचा मलाच भरवसा नाही. माहीतच नसलं तर सांगणार काय? आणि तो लाल टाका घालू नकोस. तो ओळखतो."

भाचीनं मान हलवली. वेल्डरच्या टेम्पोतून स्टँडवर गेली, तिथून कुठं गेली ते वेल्डरनंही पाहिलं नाही.

खांदा आणि गुडघा सांधल्यावर तो पुन्हा आला. कोर्टानं येऊ नको म्हटलेलं, तरी आला. या वेळी हसू नव्हतं. "कुठाय?"

"मला माहीत नाही," आक्का म्हणाली, आणि तिला खदाखदा हसू फुटलं. "देवाशप्पथ रे, खरंच माहीत नाही!"

त्यानं तिच्या कानाखाली अशी वाजवली की भिंत फिरली. पण आक्का आता पाना मांडीवर घेऊनच बसायची. तो तिनं डाव्या हातानं त्याच्या तोंडावर घातला. पुढचे दात गेले. तो तोंड दाबत, लंगडत पळाला तेव्हा ती दारातून ओरडली, "उजवा हात धड असता तर मेलाच असतास!"

दुकानात यायचं त्यानं सोडलं, पण सर्व्हरवरून हलेना. नवनव्या नावांनी यायचा, आक्का हाकलायची, की आणखी एका नावानं हजर. शिवाय घराचं दर्शनी पान कुणालाही उघडं. घरातल्या माणसांनी जे पुढे पाठवलं ते तिथं दिसायचंच. तो ते रोज वाचतो, हे आक्काला पक्कं ठाऊक होतं. मधेच त्याचा निरोप यायचा: 'कधीतरी दिसेलच.'

आणि ती दिसली.

थंडी पडायला लागली होती. आक्का चहा पीत दर्शनी पान बघत होती. वेल्डरनं कुठल्याशा लांबच्या घरातल्या अनोळखी खात्याचा फोटो पुढे पाठवला होता. 'काय हात आहे बघा!' राखाडी लोकरीचा रफू. बेमालूम. आणि कोपऱ्यात एक लाल टाका.

"अगं गाढवे," आक्का मोठ्यानं म्हणाली. "सांगितलं होतं ना!"

तिनं ते खातं उघडलं. थोडंसंच होतं. खिडकीतल्या कुंडीचा फोटो. एक वाक्य: 'आता जबडा दुखत नाही, काल पोटभर जेवले.' आक्कानं ते वाचलं, पदरानं डोळे पुसले, पुन्हा वाचलं. हा टाका आपल्यासाठीच घातलाय, हे तिला कळत होतं. एवढंच लिहावंसं वाटलं, बरी आहेस ना गं? मोडकी बोटं अक्षरांवर गेलीसुद्धा.

मग तिला तो आठवला, दात नसलेला, हेच पान उघडून बसलेला. तिनं ते लिहिलेलं पुसलं. त्या खात्यावर तिनं कायमची बंदी घातली. तो फोटो, ती कुंडी, ते पोटभर जेवणं, सगळं तिच्या घरातून क्षणात गेलं. आता तिथून एक शब्दही इकडे येणार नव्हता, आणि आक्काच्या मनात आलं तरी ते खातं तिला इथून दिसणार नव्हतं.

वेल्डर तणतणत रस्ता ओलांडून आला. "आक्का, त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलं? चांगला रफू करते, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तिला बंदी?"

"नकोय ती मला माझ्या घरात."

"मग कारण लिहा. कारणाशिवाय कुणाला काढायचं नाही, नियम तुमचाच."

"तक्रार असेल तर..." आक्काच्या तोंडून सवयीनं निघालं.

"दुकानातच आलोय ना मी!"

आक्का उठली. तिचा चेहरा बघून वेल्डर एक पाऊल मागे सरकला. "हो बाहेर," ती ओरडली. "माझं घर, माझी मर्जी! चालता हो!"

तो गेला. जाताना म्हणाला, "तुम्हीपण शेवटी त्या कंपनीवाल्यांसारख्याच निघालात." संध्याकाळपर्यंत त्यानं आपलं खातं दुसऱ्या घरी हलवलं. आक्कानं ते पाहिलं. डाव्या हातानं तार ओढत ती कॉइल भरायला बसली. वेढे मोजताना आकडा चुकत राहिला, आणि ती प्रत्येक वेळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून भरत राहिली.